टेनिसच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेला? सही करण्याआधी कॉन्फरन्स तपासा

बडोद्याच्या म. स. विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धांत पश्चिम विभागातून खेळतो आणि पुढेही तिथूनच खेळेल. दक्षिण विभागाला टीव्हीवाले जास्त पैसे देतात, चला तिकडे, असं कुणाच्या मनातही येणार नाही. अमेरिकेत नेमकं हेच चालतं. तिथली कॉलेजं ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात आणि टीव्हीच्या पैशातला वाटा वाढणार असेल तर आपला गट सोडून दुसऱ्या गटात जातात. या उलथापालथीला तिकडे रिअलाइनमेंट म्हणतात.

बातम्या सगळ्या फुटबॉलच्या असतात, तेही तिकडच्या, चेंडू हातात धरून पळायच्या फुटबॉलच्या. पण कॉलेजनं गट बदलला की टेनिस, पोहणं, गोल्फ, ॲथलेटिक्स यांचेही प्रतिस्पर्धी बदलतात, प्रवास बदलतो, बुडणारे तास वाढतात. बडोद्याच्या मुलांचा संबंध येतो तो या खेळांशी. पालक मात्र रँकिंग, फी आणि थंडी किती एवढं बघून मोकळे होतात. खाली दिलेली तपासणी दोन-तीन संध्याकाळींत होते. एक वही किंवा एक्सेलची शीट पुरते.

काहींना याची गरजच नाही. स्क्वॉश हा एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेचा, खेळ नाही, त्याची कॉलेज संघटना वेगळी आहे. क्रिकेटही एनसीएएत नाही. एनसीएएच्या तीन श्रेण्यांतल्या तिसऱ्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या, कॉलेजांत खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही. हार्वर्ड-येलच्या आयव्ही लीग या गटातही ती नसते, आणि तिथली आठ कॉलेजं १९५४ पासून तीच आहेत. बाकी डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीच्या, कॉलेजकडून पत्र आलं असेल तर पुढे वाचा.

नावावरून अंदाज बांधू नका

बिग टेनमध्ये १८ कॉलेजं आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये १६. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसीत, २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, आणि ही दोन्ही कॅलिफोर्नियात, पॅसिफिकच्या बाजूला.

सगळ्यात जास्त फसगत पॅक-ट्वेल्व्हच्या नावानं होते. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथली बारापैकी दहा कॉलेजं निघून गेली. यूएससी, यूसीएलए, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेली, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, कोलोरॅडो आणि यूटा बिग ट्वेल्व्हमध्ये, स्टॅनफर्ड-बर्कली एसीसीत. मागे उरली ऑरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांनी नाव टिकवलं आणि २०२६ च्या १ जुलैपासूनच्या नव्या मांडणीसाठी बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, यूटा स्टेट, टेक्सास स्टेट आणि फुटबॉल न खेळणारं गॉनझागा यांना जोडून घेतलं. तेव्हा ‘माझ्या मावसभावाचा मुलगा पॅक-ट्वेल्व्हमध्येच होता’ या माहितीचा आता काही उपयोग नाही. पाटी तीच, दुकान वेगळं.

पहिलं काम: कॉलेजची नको, खेळाची कॉन्फरन्स शोधा

एकाच कॉलेजचे वेगवेगळे खेळ वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये असू शकतात. नोत्र दाम फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, आइस हॉकी बिग टेनमध्ये खेळतं आणि बहुतेक बाकी खेळ एसीसीत. केंटकी आणि साउथ कॅरोलायना ही एसईसीची, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्सची, कॉलेजं, पण एसईसीत पुरुषांचा सॉकर नाही, म्हणून त्यांचे सॉकर संघ सन बेल्ट या कॉन्फरन्समध्ये जातात. त्यामुळे विकिपीडियावर कॉलेजच्या नावापुढे दिसणारी कॉन्फरन्स तुमच्या मुलीच्या खेळाची असेलच असं नाही.

कॉलेजच्या क्रीडा विभागाची वेबसाइट वेगळी असते, ती उघडा. महिला टेनिस आणि पुरुष टेनिस ही पानं वेगळी असतात. बरोबर ते निवडा. तिथलं ‘शेड्यूल’ बघा. कॉन्फरन्सच्या सामन्यांपुढे बहुधा चांदणीची खूण असते. मग त्या कॉन्फरन्सच्या वेबसाइटवर त्याच खेळाच्या गुणतक्त्यात कॉलेजचं नाव आहे का ते पडताळा. दोन्हीकडे जुळलं तरच वहीत लिहा. ही दहा मिनिटं न घालवल्यामुळे पुढचा सगळा हिशेब चुकतो.

दुसरं काम: १ जुलैची ओळ

कॉलेजांचं आर्थिक वर्ष बहुतेक ठिकाणी १ जुलैला सुरू होतं, म्हणून गट बदलण्याची तारीखही सहसा तीच. घोषणा एका वर्षी होते आणि अंमल दुसऱ्या, कधी तिसऱ्या वर्षी. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी जाणार असं २०२१ च्या जुलैत जाहीर केलं, एसईसीत पोचली २०२४ च्या १ जुलैला, आणि तेही एक वर्ष लवकर सुटका व्हावी म्हणून दोघांनी मिळून १० कोटी डॉलर मोजून.

वहीत चार ओळी आखा, मुलीच्या चार वर्षांच्या. प्रत्येक ओळीत त्या वर्षीची कॉन्फरन्स लिहा, जाहीर झालेले बदल धरून. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन स्टेटमध्ये गेलेल्या मुलीची वही अशी दिसली असती: पहिलं वर्ष जुन्या पॅक-ट्वेल्व्हमध्ये, दुसरं आणि तिसरं वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पाहुणा सदस्य म्हणून, चौथं नव्या पॅक-ट्वेल्व्हमध्ये. चार वर्षांत तीन घरं, आणि कॉलेज जागचं हललेलं नाही.

हे मोठ्यांपुरतंच आहे असं समजू नका, कारण धक्का खाली झिरपतो. टेक्सास-ओक्लाहोमाच्या जागा भरायला बिग ट्वेल्व्हनं बीवाययू घेतलं आणि अमेरिकन कॉन्फरन्समधून सिनसिनाटी, ह्यूस्टन व सेंट्रल फ्लोरिडा. अमेरिकननं आपलं भगदाड बुजवायला कॉन्फरन्स यूएसएमधून सहा कॉलेजं उचलली. कॉन्फरन्स यूएसएनं मग लिबर्टी, न्यू मेक्सिको स्टेट, सॅम ह्यूस्टन आणि जॅक्सनव्हिल स्टेट यांना आत घेतलं. हे सगळं २०२३ च्या उन्हाळ्यात अमलात आलं, म्हणजे टेक्सास-ओक्लाहोमा स्वतः हलण्याच्या आधीच. भारतीय मुलांना ऑफर देणारी बरीच कॉलेजं या मधल्या आणि खालच्या पायऱ्यांवरच असतात. ती स्वतः कुठे जात नाहीत. वरून कुणी निसटला की त्यांची ओढाताण होते.

तिसरं काम: प्रवासाची शीट

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण मुलीचा रोजचा दिवस यावर ठरतो.

जुन्या बिग टेनमध्ये ॲन आर्बरहून कोलंबसला जायचं म्हणजे रस्त्यानं सुमारे ३०० किलोमीटर, बडोदा-मुंबईपेक्षाही कमी. बसनं जायचं, खेळायचं, परतायचं. आता त्याच बिग टेनमध्ये लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि न्यू जर्सीची रटगर्स आहेत. अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी भारताची लांबी ३,२१४ किलोमीटर भरते, त्यापेक्षा जास्त. एसीसीतल्या स्टॅनफर्डहून बॉस्टन कॉलेजला जायचं तर सुमारे ४,३०० किलोमीटर.

शीटमध्ये सहा रकाने पाडा: तारीख, वार, प्रतिस्पर्धी, शहर, अंतर, बुडणारे वर्गाचे दिवस. गेल्या पूर्ण मोसमाचं वेळापत्रक त्यात भरा आणि गट नुकताच बदलला असेल तर बदलाआधीच्या वर्षाचंही. टेनिसचे कॉन्फरन्स सामने बहुधा शुक्रवार-रविवार असे जोडीनं असतात. पश्चिमेकडून पूर्वेला जाताना विमानात पाच तास जातात आणि घड्याळ तीन तास पुढे सरकतं, त्यामुळे निघावं लागतं गुरुवारी, कधी बुधवारी रात्री. म्हणजे गुरुवार आणि शुक्रवार हमखास बुडतात. रविवारी रात्री परत आलात तरी सोमवारी सकाळच्या तासाला बसणं म्हणजे नुसती हजेरी. अशा किती फेऱ्या आहेत ते मोजा. १,००० किलोमीटरपलीकडच्या फेऱ्या वेगळ्या रंगात करा. पूर्ण मोसमात अशा दोन-तीन असतील तर निभावतं. पाच-सहा असतील तर मुलगी इंजिनिअरिंग किंवा प्रयोगशाळेचे विषय घेणार आहे का, याचा आधी विचार करा.

एनसीएएचा नियम आहे की मोसमात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त खेळ नको आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी. पालकांना तो ऐकून हायसं वाटतं. पण प्रवासाचा वेळ या २० तासांत धरत नाहीत, आणि ज्या दिवशी फक्त प्रवास असेल तो दिवस सुट्टी म्हणून मोजता येतो. विमानतळावर गेलेला सोमवार कागदावर ‘विश्रांतीचा’ असतो.

आता यात खास आपल्या मुलांची अडचण. अमेरिकन खेळाडू फिरतीच्या मोसमात ऑनलाइन कोर्स घेऊन वेळ साधतात. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी दर सत्रात किमान १२ क्रेडिट पूर्ण करावी लागतात, आणि त्यात एकच ऑनलाइन कोर्स, जास्तीत जास्त ३ क्रेडिटचा, धरला जातो. बाकीचे तास वर्गात बसूनच. सत्राच्या मध्यात झेपत नाही म्हणून एक विषय सोडला आणि १२ च्या खाली गेलं, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी घेतलेली नसल्यास व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. प्रशिक्षकांना हे नेहमी ठाऊक असतंच असं नाही. संघातल्या इतरांना चालतं ते हिलाही चालेल असं ते प्रामाणिकपणे समजतात.

चौथं काम: मुलगी खेळेल का?

गट वर सरकला की कॉलेजला आनंद होतो आणि सहाव्या क्रमांकावर खेळणाऱ्या मुलीची पंचाईत होते. टेनिसच्या संघ सामन्यात सहा एकेरी लढती असतात. खेळाडूंना पैसे देण्यावरून चाललेल्या हाउस नावाच्या खटल्यातल्या २०२५ च्या समझोत्यात सामील झालेल्या कॉलेजांत टेनिस संघाची मर्यादा १० खेळाडू आहे. कॉन्फरन्स कठीण झाली की प्रशिक्षक ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, तयार, वयानं मोठे खेळाडू आणतात, आणि पहिल्या वर्षी पाचव्या क्रमांकावर खेळलेली मुलगी दुसऱ्या वर्षी आठवी होते.

नव्या कॉन्फरन्समधल्या मधल्या फळीच्या तीन संघांत सहाव्या क्रमांकावर खेळणाऱ्या मुलींचं यूटीआर, म्हणजे टेनिसचं जागतिक रेटिंग, बघा. तुमच्या मुलीचं यूटीआर त्याहून कमी असेल तर ती बाकावर बसेल, असं धरून चला. उलट संघ सोप्या गटात गेला असेल तर खेळायला भरपूर मिळतं, आणि ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत कॉन्फरन्स विजेत्याला थेट प्रवेश असल्यानं तिथे पोचायची वाटही कधी सोपी होते. खालच्या गटाला नाक मुरडू नका. माध्यमांत ज्याला घसरण म्हणतात ती टेनिसच्या मुलीला कितीदा तरी सोयीची पडते.

पाचवं काम: करार कधी संपतात ते बघा

हे सगळं सुरू कशामुळे झालं, ते दोन ओळींत. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात एनसीएएची टीव्ही हक्कांवरची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून हक्क कॉलेजं आणि कॉन्फरन्स विकतात, आणि ज्याचा करार मोठा त्याच्याकडे ओघ.

आकड्यांतला फरक बघितला की पळापळ समजते. २०२२ मध्ये ठरलेला बिग टेनचा करार सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरच्या वर. बिग ट्वेल्व्हचा सहा वर्षांचा, सुमारे २२८ कोटी. दर कॉलेजला वर्षाला सरासरी ३.१७ कोटी. पॅक-ट्वेल्व्हला असा करार मिळालाच नाही म्हणून तो फुटला. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठानं तर एसीसीत घुसण्यासाठी नऊ वर्षं टीव्हीचा वाटा सोडून दिला. मूठ रिकामी, पण पंगतीत पान मिळालं. आणि यूसीएलए गेल्यामुळे बर्कलीचं नुकसान झालं, दोन्ही एकाच सरकारी विद्यापीठाच्या शाखा, म्हणून यूसीएलएनं बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत असं नियामक मंडळानं ठरवलं. तिकडच्या पत्रकारांनी त्याला पोटगीच म्हटलं.

तुमच्या कामाच्या तारखा या: बिग टेनचा करार २०२९-३० च्या मोसमापर्यंत, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१ पर्यंत, एसईसीचा २०३३-३४ पर्यंत, एसीसीचा २०३६ पर्यंत. एसीसीचा शेवट लांब दिसतो, पण फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांच्याबरोबरच्या खटल्यांवर २०२५ च्या मार्चमध्ये समझोता झाला आणि बाहेर पडण्याची रक्कम दरवर्षी उतरत जाईल असं ठरलं: २०२५-२६ मध्ये १६.५ कोटी डॉलर, मग वर्षाला १.८ कोटी कमी होत २०३०-३१ मध्ये ७.५ कोटी.

या तारखा मुलीच्या वर्गाशी जुळवा. २०२६ च्या ऑगस्टमध्ये गेलेली मुलगी २०३० च्या मे महिन्यात पदवी घेते. मोठी लाट तिला बहुधा चुकेल. जाहीर झालेलेच बदल पुरेसे. २०२८ मध्ये जाणारी मात्र २०३२ पर्यंत तिथे असेल, आणि २०३० ते २०३२ हा सगळ्यात डळमळीत काळ. तिच्यासाठी कॉलेज निवडताना कॉन्फरन्सच्या नावाला जवळपास शून्य किंमत द्या आणि ५०० किलोमीटरच्या आत किती डिव्हिजन वन कॉलेजं आहेत ते मोजा. कुठलाही गट मिळाला तरी शेजारी शेजारीच राहतात, आणि कॉन्फरन्सबाहेरचे सामने प्रशिक्षक त्यांच्याशीच ठरवतात.

अफवा आली तर

क्रम लक्षात ठेवा. आधी ‘सूत्रांनुसार’. मग विद्यापीठाच्या विश्वस्त किंवा नियामक मंडळाची बैठक. मग नव्या कॉन्फरन्समधल्या कॉलेजांच्या अध्यक्षांचं मतदान. मग अधिकृत निवेदन, त्यात अंमलाची तारीख. सरकारी विद्यापीठांना बैठकीची सूचना आधी जाहीर करावी लागते. अचानक बोलावलेल्या खास बैठकीच्या विषयपत्रिकेत खेळाचा विषय दिसला तर वातीजवळ काडी आली असं समजा. कोलोरॅडोच्या मंडळानं २०२३ च्या २७ जुलैला अशाच खास बैठकीत बिग ट्वेल्व्हला जायचं ठरवलं, आणि आठवडाभरानं, ४ ऑगस्टला, एका दिवसात आणखी पाच कॉलेजांनी पॅक-ट्वेल्व्ह सोडणार असं जाहीर केलं. खासगी विद्यापीठांत मात्र बाहेर काही कळत नाही. यूएससीच्या बाबतीत बातमी आणि घोषणा यांत काही तासांचंच अंतर होतं. निवेदनाआधी वहीत पेननं काही लिहू नका, पेन्सिलनं लिहा.

प्रशिक्षकाला काय विचारायचं

फोनवर बोला, मग तेच ईमेलनं लिहून पाठवा आणि लेखी उत्तर मागा. १ जुलैपासून आपल्या खेळाची कॉन्फरन्स कोणती? पुढच्या मोसमात विमानानं किती फेऱ्या, आणि साध्या विमानानं की चार्टर्ड? फिरतीवर शिकवणीला सोबत कुणी असतं का? स्कॉलरशिप एक वर्षाची की चार वर्षांची? गेल्या दोन वर्षांत संघातून किती जणी पोर्टलनं गेल्या आणि किती आल्या? कॉलेजनं अलीकडे एखादा खेळ बंद केला आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. हाउस समझोत्यानंतर २०२५-२६ मध्ये कॉलेजांना खेळाडूंना थेट २.०५ कोटी डॉलरपर्यंत वाटता येतात, त्यातले बहुतेक फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातात, आणि ती तूट लहान खेळांच्या खर्चातून भरण्याचा मोह मोठा असतो. ‘आमचा प्रवास एकदम व्यवस्थित असतो’ हे उत्तर नाही. शीट पुढे ठेवून तारखा विचारा.

वेळेचा घोळ टाळा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत पूर्व किनारा आपल्या साडेनऊ तास मागे, पश्चिम किनारा साडेबारा. बाकीच्या दिवसांत साडेदहा आणि साडेतेरा. उन्हाळ्यात रात्री साडेनऊला लॉस एंजेलिसमध्ये सकाळचे नऊ वाजतात, थंडीत त्यासाठी साडेदहा व्हावे लागतात. ॲरिझोनातल्या कॉलेजांत घड्याळ बदलत नाही, तिथे बारा महिने साडेबारा तासच.

सही झाल्यावर गट बदलला तर

जुनं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झालं. आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर, आणि तो करार कॉलेजशी असतो, कॉन्फरन्सशी नाही. गट बदलला म्हणून तो आपोआप मोडत नाही आणि रक्कमही आपोआप कमी होत नाही. आधी एक मोसम नव्या वेळापत्रकाची शीट भरा, मगच हलण्याचा विचार करा.

जायचंच ठरलं तर गुण ठीक असलेल्या खेळाडूला २०२४ पासून एक वर्ष बाहेर न बसता दुसरीकडे खेळता येतं. पण पोर्टलमध्ये नाव गेलं की सध्याचं कॉलेज पुढच्या सत्रापासून स्कॉलरशिप थांबवू शकतं, आणि नवीन जागा मिळेलच याची खात्री नसते. एफ-१ वर असताना नुसती खेळाची बदली पुरत नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयानं सेविसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंद नव्या कॉलेजकडे ठरलेल्या तारखेला सोडावी लागते आणि तिथून नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. म्हणून पोर्टलचा अर्ज भरण्याआधी मुलीनं त्या कार्यालयात जाऊन नोंद सोडण्याची तारीख लिहून आणावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बडोद्याला येणार असेल तर नवा आय-२० हातात येईपर्यंत परतीचं तिकीट काढू नका.